मार्गासनीचा सूर

ज्ञानूनं पत्ती अजून तोंडाला लावली नसेल, ही काळजी सगुणाबाईच्या मनातून सकाळपासून जात नव्हती. दुसऱ्या एखाद्या आईला पोरानं काही खाल्लं का, कात्रजच्या घाटात मोटार नीट चढली का, याचा घोर लागला असता. तिला त्यातलं काही वाटत नव्हतं. आपला ज्ञानू घरची रीत पाळणार, संध्याकाळपर्यंत पत्तीला ओठ लावणार नाही आणि त्यामुळंच फसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या डबीतल्या तिन्ही पत्त्या तिनं बदलल्या होत्या.

रीत तिच्या सासऱ्यांनी घालून दिलेली. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची बारीक पत्ती असते, पितळी नळीवर दोऱ्यानं आवळून बांधलेली. सनई बोलते ती त्या पत्तीवर. वाजवायच्या दिवशी पत्ती आधी फुंकायची नाही. वेळ झाली की जिभेवर घेऊन ओली करायची, आणि पहिला आवाज निघेल तो जमलेल्या माणसांपुढंच. सोनबानं, म्हणजे सगुणाबाईच्या नवऱ्यानं, ही रीत मरेपर्यंत पाळली. ज्ञानूही पाळत होता. १९३८ सालच्या त्या मार्गशीर्षात, पुण्याच्या थिएटरात संध्याकाळी सहाला पडदा उघडणार होता आणि ज्ञानूची सनई तोवर मुकी राहणार होती.

ज्ञानू मार्गासनीचा. त्यांचं घर देवळापुढं सनई वाजवणाऱ्यांचं. अशा घरात सनया दोन असतात. एक चाल वाजवते, दुसरी नुसता सूर धरते. सूर धरणाऱ्याच्या सनईची बहुतेक भोकं मेणानं बुजवलेली असतात. त्यानं एकच सूर धरायचा, चाल संपेपर्यंत सोडायचा नाही, श्वास घेतानाही तुटू द्यायचा नाही. या घरात चाल थोरल्या पातीकडं, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाकडं, आणि सूर धाकट्या पातीकडं, अशी वाटणी तीन पिढ्यांची. सगुणाबाई धाकट्या पातीत पडली.

लग्नात शेला मिळायचा तो चाल वाजवणाऱ्याला. नवरदेवाचा बाप त्याच्या पाठीवर थाप मारायचा, बायका त्याच्या पळणाऱ्या बोटांकडं बघायच्या. शेजारी सोनबा गाल फुगवून उभा, त्याच्याकडं कुणाची नजर जायची नाही. एका लग्नात कुणाच्या तरी पोरीनं मोठ्यानं विचारलं होतं, ह्यो दुसरा झोपलाय का? सगळा मांडव हसला. सोनबाही सूर न सोडता डोळ्यांनी हसला. सगुणाबाईला मात्र ते हसू आठ दिवस टोचत राहिलं.

थोरली जाऊ साळूबाई शेल्याची घडी उलगडून दाखवायची आणि वर म्हणायची, तुमच्याकडं बरं हाय बाई, बोटं न हलवता पोट भरतंय. सगुणाबाई शेल्याकडं बघायचीही नाही. पण साळूबाईच्या घरातले शेले किती, कुठल्या रंगाचे, कुठल्या गावाहून आलेले, हे साळूबाईपेक्षा तिलाच जास्त पाठ होतं.

ज्ञानू पाच वर्षांचा झाला तसं सोनबानं त्याला पाण्याचा लोटा आणि भोपळ्याच्या देठाची नळी दिली. नळी पाण्यात बुडवायची आणि फुंकत राहायचं. बुडबुडे थांबता कामा नयेत. नाकानं श्वास आत, गालातली हवा बाहेर. सगुणाबाई तांदूळ निवडत त्या बुडबुड्यांकडं कान ठेवून असायची. ते थांबले की ती मान वर करायची आणि पोरगं घाईनं पुन्हा सुरू व्हायचं. सातव्या वर्षी ज्ञानू तिचे दोन पायली तांदूळ निवडून होईस्तोवर बुडबुडे काढायला लागला. बारावं लागलं आणि सोनबा तापानं गेला. दिवस झाल्यावर पोरगं बापाच्या जागी जाऊन उभं राहिलं. थोरल्या चुलत भावानं चाल धरली, ज्ञानूनं सूर.

पत्त्या बांधायचं काम घरातल्या बायकांचं. सगुणाबाईची सासू बांधायची, मग ती बांधू लागली. लांबी मोजायला कळकाची एक काडी होती. तिच्यावर सासऱ्यांनी खाच पाडलेली. पत्ती खाचेएवढी, वर दोऱ्याचे दहा वेढे. तेवढ्यानं निघतो तो मार्गासनीचा सूर. बांधून झाली की ज्ञानू नुसती पत्ती ओठात धरून चिमणीसारखा आवाज काढायचा आणि तिच्या कानाशी आणायचा. म्हणायचा, आये, बघ कशी बोलतीया. ती कामातून मान न काढता म्हणायची, चांगली बोलतीया.

ज्ञानू विशीत आला तेव्हा महंमद मास्तर मार्गासनीला एका लग्नाला आले. मास्तर भोरचेच. तरुणपणी पलटणीच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे, लढाईत परमुलूख बघून आलेले. चाळीस-पन्नास माणसं एका काठीकडं बघून एकदम वाजवतात आणि एकदम थांबतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तसं काहीतरी भोरमध्ये उभं करायचं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. दसऱ्याला वाजणारा संस्थानचा लहानसा बँड होता, त्यातली माणसं त्यांच्याकडं होतीच. त्यांना दिलरुबे, सारंग्या, व्हायोलिनी, सनई, संबळ असं सगळं एकत्र बसवायचं होतं.

मांडवात लोक चाल ऐकत होते. मास्तर दुसऱ्या बाजूला, ज्ञानूशेजारी येऊन बसले. त्यांच्या खिशात दोन दांड्यांचा एक लोखंडी चिमटा असायचा. गुडघ्यावर आपटला की तो नेहमी त्याच एका सुरात गुणगुणायचा. तासाभरात त्यांनी तो पाच वेळा आपटून कानाला लावला. वाजवणं संपल्यावर त्यांनी ज्ञानूच्या आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं की, बाई, बाकीचे सगळे इकडंतिकडं सरकले, हा पोरगा तसूभर हलला नाही. मला हा द्या.

साळूबाई तिथंच उभी होती. तिला वाटलं, मास्तरांची चूक होतीय. तिनं आपल्या पोराला पुढं केलं. मास्तर म्हणाले, चाल वाजवणारे मला पुष्कळ मिळतील. सगुणाबाईनं त्या वेळी साळूबाईचं तोंड असं निरखून पाहिलं, की पुढं कितीतरी वर्षं मन उदास झालं की ते तोंड आठवून तिला बरं वाटायचं.

भोरला तबेल्याच्या मागं एका पत्र्याच्या पडवीत तालमी सुरू झाल्या. सुरुवातीला माणसं तेरा. संबळ वाजवायला हिर्डोशीचा गेनू आला होता. मोटारीचा नेम नसला की तो डोंगरातून चालतच यायचा. दारावर पाटी ‘वाद्यवृंद’ अशी होती, पण गावात सगळे ‘मोठा बँड’ म्हणायचे. तारांची वाद्यं खुंटी पिळून वर-खाली करता येतात, सनई तशी करता येत नाही. म्हणून सगळ्यांनी सनईशी जुळवून घ्यायचं, असं मास्तरांनी ठरवलं. ज्ञानूला मधोमध उभं केलं. तालमीच्या आधी मास्तर काठी वर करायचे, सगळे गप्प व्हायचे आणि मास्तर म्हणायचे, “ज्ञानू, दे.”

ज्ञानू सूर द्यायचा. मग एकेक तार कुरकुरत, रडत, वर चढत त्याच्या सुराला येऊन मिळायची. पांढऱ्या दाढीचे सारंगीवालेही त्याच्याकडं कान लावून बसायचे. गेनू सगुणाबाईला म्हणायचा, “मावशी, आमी बारा जण घाम गाळतुया आन् ह्यो येकच सूर धरून सगळ्यांचा सासरा झालाय.”

ती मार्गासनीच्या घराला कुलूप लावून भोरला राहायला आली. सांगताना पोराच्या जेवणाचे हाल होतात असं सांगितलं. खरं म्हणजे रोज तिला ते “दे” ऐकायचं होतं. पडवीच्या दाराबाहेर, भाजीची पाटी पुढं घेऊन, ती रोज ते ऐकायची. तारा चढत येतात त्या आपल्या हातच्या पत्तीकडं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तीन वर्षं अशी गेली. मग मुंबईहून दोन क्लॅरिनेट आली. क्लॅरिनेट कारखान्यातूनच आपला सूर घेऊन येतं, आणि तो मार्गासनीच्या सुरापेक्षा थोडा खाली होता. सनई वर, क्लॅरिनेट खाली, आणि तारा मध्ये ओढल्या जाऊ लागल्या. आठ दिवसांत दिलरुब्यांच्या अकरा तारा तुटल्या. मास्तरांनी चिमटा आपटून आपटून गुडघा सुजवून घेतला. शेवटी ते म्हणाले, क्लॅरिनेट वर जाणार नाही, सनईलाच खाली यावं लागेल. पत्ती किंचित लांब बांधली तर सूर उतरेल.

ज्ञानू घरी येऊन म्हणाला, “आये, तांदळाएवढी लांब बांध. जास्त न्हाई.”

“सासऱ्याच्या खाचंफुडं म्या जायाची न्हाई. त्या मुंबईच्या नळ्या कापा म्हनावं.”

त्यानं वाद घातला नाही. वाद घालायचा त्याचा स्वभावच नव्हता. तो उठून गेला. तो पुन्हा मागायला येईल, तेव्हा जरा ताणून मग बांधून देऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. तो पुन्हा आला नाही.

मास्तरांची बायको बद्रुन्निसा बँडचे कोट शिवायची. हात बारीक कामात मुरलेला. तिनं ज्ञानूकडून ताडाची पानं मागून घेतली आणि बसली. वीस पत्त्या फाडल्या. एकविसावी बोलली. कोटाच्या फितीतून उरलेलं हिरवं रेशीम तिनं दोऱ्याला वापरलं होतं. मास्तरांनी चिमटा आपटला, ज्ञानूनं सूर दिला, क्लॅरिनेट त्यात विरघळून गेली. त्या दिवशी पडवीतल्या माणसांनी बद्रुन्निसाला बोलावून आणून टाळ्या वाजवल्या. दाराबाहेर सगुणाबाईच्या पाटीतली मेथी दोन हातांत चुरगळून गेली.

मास्तरांचं अंगण तिच्या मागच्या दारासमोरच होतं, मध्ये फक्त बोळ. सकाळी ती चुलीपुढं असताना तिकडून चिमणीसारखा आवाज यायचा. ज्ञानू नवी पत्ती ओठात धरून बघतोय आणि दुसऱ्या कुणाच्या कानाशी नेतोय, हे तिला पाठ फिरवूनही दिसायचं. तवा तापून धूर काढायला लागायचा तरी भाकरी तिच्या हातातच असायची.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. ज्ञानू बद्रुन्निसाला चाची म्हणायचा. चाची म्हणाल्या, पत्त्या फडक्यात ठेवू नयेत. चाचींनी डबी दिली, तिच्या झाकणाला भोकं पाडून दिली. चाचींकडं शेवया केल्या होत्या, भूक नाही. ज्ञानू हे सरळ मनानं सांगायचा. त्याला वाटायचं, आईला बरं वाटेल, पोराला कुणीतरी जीव लावतंय. सगुणाबाई त्याचं ताट उचलायची आणि म्हणायची, “तुज्या चाचीला हात चांगला हाय.” दोन वर्षं ती बोळातून जाताना मास्तरांच्या दाराकडं तोंड करून गेली नाही. साळूबाईचे शेले तिनं कधीच माफ केले होते. शेला काय, पेटीत पडून राहतो. पत्ती ओठांत जाते.

अशात पुण्याचं बोलावणं आलं. मोठ्या थिएटरात वाजवायचं, आणि ऐकायला मुंबईच्या रेडिओवरचे कुणी साहेब येणार. आवडलं तर पुढं मुंबई. मास्तरांची झोप उडाली. शेवटच्या तालमीला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की, पहिला सूर जुळला नाही तर पुढचं काही ऐकायला कुणी थांबत नाही. तिथं सनईनं दगा दिला, तर इथून पुढं आपण सूर बाजाच्या पेटीवर घेऊ आणि सनई घरी.

ज्ञानूनं हे रात्रीच्या भाकरीला बसल्यावर तिला सांगितलं. त्याला भीती वाटत होती का, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. वर एवढंच म्हणाला, पर चाचींच्या पत्त्या हायेत, काळजी न्हाई.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज पहाटे, तो नीरा नदीवर अंघोळीला गेला तेव्हा तिनं डबी उघडली. तीन पत्त्या, हिरव्या रेशमाच्या. तिनं त्यांचा दोरा एकेक वेढा करून उलगडला आणि पत्त्या चुलीत टाकल्या. ताडाचं पान किती पटकन जळतं. मग खाचेची काडी काढली, आपल्या हातानं तीन पत्त्या कापल्या, आणि त्याच हिरव्या रेशमानं, आपल्या ओढीनं, दहा-दहा वेढे देऊन बांधल्या. वरून बघणाऱ्याला फरक कळला नसता. पुण्यातल्या लोकांनी, त्या रेडिओच्या साहेबानं, माझ्या हातची पत्ती ऐकावी, असं ती मनाशी म्हणत होती. आणि खालून दुसरं एक मन म्हणत होतं, नाहीच जुळलं, तर सनई घरी येईल. घरी म्हणजे मार्गासनीला. तिथं बोळ नाही आणि समोर अंगण नाही.

आज सकाळी सर्व्हिस मोटारीच्या टपावर संबळ, पेट्या, दिलरुबे चढले. ज्ञानू डबी छातीशी धरून बसला. ती हात हलवून परत आली, भाकरी केली, खाल्ली, भांडी घासली. दुपार कलली. तिला बरं वाटायला हवं होतं.

पण तिला सारखं ते थिएटर दिसू लागलं. मास्तर काठी वर करतात. म्हणतात, ज्ञानू, दे. ज्ञानू देतो. त्याच्या पहिल्या श्वासातच त्याला कळतं की हा आपला सूर नव्हे. दुसरा कुणी असता तर थांबला असता, खोकल्याचं निमित्त करून पत्ती बदलली असती. ज्ञानू थांबणार नव्हता. सूर सोडायचा नाही, हे तिनंच तांदूळ निवडता निवडता त्याला शिकवलं होतं. ज्ञानू तो चुकीचा सूर, न हलता, घट्ट धरून उभा राहणार होता, आणि सगळ्या तारा चढून चढून त्याच्याकडं येणार, तुटणार, आणि सगळे त्याच्याकडं बघणार. झोपलेला म्हणून मांडव हसला होता तसे नव्हे. वेगळंच बघणार.

ती उठली. उपाय होता आणि तो तिच्याच धंद्यातला होता. वरचे काही वेढे सोडले की पान मोकळं होतं आणि सूर उतरतो. कुणीतरी सहाच्या आत ज्ञानूला एवढं सांगायला हवं होतं. पण वेढे किती सोडायचे? एक कमी, एक जास्त झाला तरी सूर गेला. ते सांगू शकेल असं भोरमध्ये एकच माणूस होतं. सगुणाबाईनं पदर सारखा केला आणि बोळ ओलांडला.

बद्रुन्निसा अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तिला बघून म्हणाली, “या आक्का. आज वाट चुकलात जणू.”

“बसाय न्हाई आले. येक इचारायचं हुतं. तुमी पत्तीला वेढं किती घालता?”

बद्रुन्निसाचं सूप थांबलं. दोन वर्षं जिनं मान वळवली नाही, ती आज, याच दिवशी, हे विचारायला आली होती. “सात,” ती म्हणाली. “का?”

“माजं धा असत्यात.”

“डबीत कुणाच्या आहेत आक्का?”

“माज्या.”

“तिन्ही?”

“तिन्ही. दोरा तेवढा तुमचा हाय.”

बद्रुन्निसानं सूप खाली ठेवलं. ती ओरडली नाही, आणि ते सगुणाबाईला जास्त लागलं. तिनं आपली बोटं उलटी करून पाहिली. म्हणाली, “वीस पत्त्या फाडल्या होत्या मी. बोटं चिरली होती. तुम्ही तोंड फिरवून जाता, जा. मी कधी काही बोलले? पण त्या पोराचं काय चुकलं?”

“पोरगं माजं हाय.”

“तुमचंच आहे. माझं आहे असं कधी म्हटलं मी?”

 सगुणाबाईनं विचारलं, तीन वेढे सोडायला सांगितले तर भागेल ना. दहातून तीन गेले, सात राहिले.

“तीन नाही,” बद्रुन्निसा म्हणाली. “चार. तुमच्या दोऱ्याला ओढ जास्त असते. पहिल्यांदा बसले तेव्हा तुमची एक जुनी पत्ती उकलून बघितली होती. तिच्यावरनंच शिकले.”

सगुणाबाईच्या आत काहीतरी सुखावलं, आणि या बाईकडून सुख घ्यावं लागलं म्हणून लगेच जळलंही.

बद्रुन्निसा आत गेली आणि एक कागद घेऊन आली. मास्तरांनी जाताना थिएटरच्या मॅनेजरचा फोन नंबर लिहून ठेवला होता. फोन गावात एकच, कचेरीच्या भिंतीवरचा. तिथले कारकून आनंदराव तिला ओळखत होते. बद्रुन्निसानं डोक्यावरून पदर घेतला. तिनं सगळं ठरवूनही टाकलं होतं. ती कचेरीत जाईल, फोन लावून घेईल, ज्ञानूला बोलावून सांगेल की पत्त्या बांधताना माझाच हात चुकला, चार वेढे सोड. “तुमचं नाव निघणार नाही आक्का,” ती म्हणाली. “मास्तरांनाही कळणार नाही.”

ही बाई खरंच तसं करील, याची सगुणाबाईला खात्री होती. उद्या मोटार परत येईल. ज्ञानू उतरून आधी या अंगणात येईल आणि म्हणेल, चाची, तुमच्यामुळं वाचलो. चूकही स्वतःवर घेऊन ही बाई त्याला वाचवणार, आणि आपल्याला जन्मभर समोरच्या दारातून ते बघत राहावं लागणार.

दुसरी वाट होती ती तिला नीट दिसत होती. कचेरीत जायचं. आनंदरावांसमोर, तिथं बसलेल्या चार माणसांसमोर, मोठ्यानं बोलायचं, कारण फोनवर हळू बोललेलं ऐकू येत नाही म्हणतात. ज्ञानूला सांगायचं की तुझ्या डबीतल्या पत्त्या मी जाळल्या आणि माझ्या घातल्या. तो तिकडून काही बोलणार नाही. त्याचं ते गप्प राहणं तिला फोनवर ऐकावं लागेल. नंतर तो तिच्या हातची भाकरी खाईल का, तेही सांगता येत नव्हतं. पण चार वेढे सोड, हे त्याला त्याच्या आईनं सांगितलेलं असेल.

उन्हं अंगणाच्या कडेला गेली होती. साडेतीन तरी झाले असतील.

“कागुद द्या हिकडं,” ती म्हणाली.

बद्रुन्निसानं तिच्याकडं पाहिलं. “आक्का, सगळ्यांसमोर बोलायला लागेल.”

“बोलंन की. हात माजा हुता, फोन बी म्याच करनार.” तिनं कागद घेतला, घडी घालून मुठीत धरला आणि दोन पावलं जाऊन थांबली. “तुमी संगट चला. त्यो फोन कुठल्या बाजूनं कानाला लावत्यात, तेवढं दावा. बोलू मातर नगा.”